शांत घरात मला अस्वस्थ का वाटते? जुनी सवय सुटताना काहीतरी हरवल्यासारखे का होते?

नाशिकरोडची लेक यांचा प्रश्न

नमस्कार. मी 39 वर्षांची आहे, इंदिरानगरला राहते आणि एका वाहतूक व्यावसायिकाच्या कार्यालयात हिशेबाचे काम पाहते. प्रश्न नेमका मांडता यावा म्हणून थोडे मागे जाऊन लिहिते. लांबले तर सांभाळून घ्यावे.

माझे लहानपण नाशिकरोडला गेले. वडील तापट होते. मारहाण क्वचितच झाली, पण राग कधी उसळेल याचा नेम नसे, आणि घरातले उठणे-बसणे, बोलणे-हसणे सारे त्या रागाच्या अंदाजावर चालत असे. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास त्यांची स्कूटर गल्लीत शिरे. ती एका दमात, सावकाश स्टँडवर चढली तर दिवस बरा गेला असे समजायचे. पायाने दोनदा हिसका देऊन स्टँड आदळला, तर मी रेडिओ बंद करायची, धाकट्या भावाच्या हातात पुस्तक द्यायची आणि स्वयंपाकघराच्या दारातून आईला मानेने खूण करायची. पुराच्या दिवसांत आपल्याकडे नाशिकमध्ये लोक गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागले ते पाहून पुढचे ठरवतात. गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, त्याप्रमाणे काठावरची दुकाने आवरली जातात. आमच्या घरात ते पाहण्याचे काम नवव्या वर्षापासून माझ्याकडे होते, आणि मी त्यात सहसा चुकत नसे.

पुढे हीच सवय माझी ओळख झाली. लग्नानंतर सासरी "हिला काही सांगावे लागत नाही" असे कौतुक झाले. कार्यालयात मालकांचा फोनवरचा पहिला "हं" ऐकून आज कोणाची थकबाकी विचारली जाणार हे मला कळते आणि ती फाइल मी आधीच काढून ठेवलेली असते. याची किंमत पस्तिशीनंतर जाणवू लागली. झोप उथळ झाली, पोट वारंवार बिघडू लागले, आणि कोणी नुसते गप्प बसले तरी त्याचे कारण मीच आहे असे वाटू लागले. गेल्या वर्षापासून मी समुपदेशन घेत आहे. आता मी सहानंतर कार्यालयात थांबत नाही, आणि घरी यजमानांच्या चेहऱ्यावरून तर्क करत बसण्याऐवजी "काही झाले आहे का?" असे सरळ विचारते. ते स्वभावाने शांत आहेत. बहुतेक वेळा "काही नाही, द्वारका चौकात गर्दी होती" इतकेच उत्तर येते.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी ते घरी आले आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर जरा जोरात पडला. मी गॅलरीत चहा पीत होते. उठून पाहावे असे अंगात आले, पण मी उठले नाही; कप दोन्ही हातांत धरून बसून राहिले. काहीही झाले नाही. ते हातपाय धुऊन आले, शेजारी बसले आणि मुलीच्या शाळेच्या सहलीविषयी बोलू लागले. मला हलके वाटायला हवे होते. त्याऐवजी बसमध्ये पिशवी विसरून उतरल्यावर जसे वाटते तसे वाटू लागले, आणि रात्री न्हाणीघरात जाऊन मी रडले. आणखी एक गोष्ट कबूल करते. एखादा रविवार अगदी निवांत जात असला की दुपारपर्यंत मीच काहीतरी उकरून काढते, कुरबूर होते, आणि कुरबूर झाल्यावर मला बरे वाटते.

ज्या सवयीने मला आजारी पाडले ती सुटताना इतके असुरक्षित का वाटावे? हे चुकीच्या वाटेला लागल्याचे लक्षण समजायचे का? समुपदेशक ताईंशी यावर बोलणे चालू आहे, पण हे अनुभवलेल्या इतरांचे म्हणणेही ऐकायचे आहे.

फळा आणि खडू

ताई, आपला प्रश्न दोनदा वाचला. मी गेली 22 वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. उपचार हे माझे क्षेत्र नाही, त्यामुळे आपल्या समुपदेशकांचे म्हणणे माझ्यापेक्षा वर धरावे.

"सुरक्षित" आणि "ओळखीचे" हे दोन शब्द शब्दकोशात वेगळे असले तरी शरीराला त्यांतला फरक लवकर कळत नाही. शरीराच्या दृष्टीने पुढे काय होणार हे ठाऊक असणे हीच मोठी सोय असते, मग ते होणारे वाईट का असेना. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 45 जणांवर केलेला एक प्रयोग 2016 साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संगणकाच्या पडद्यावर दगड दिसत आणि त्याखाली साप आहे की नाही हे ओळखायचे असे. साप निघाला की हाताला वेदना देणारा विजेचा सौम्य धक्का बसे. धक्का बसण्याची शक्यता शंभर टक्के असताना लोकांना जितका ताण आला, त्याहून अधिक ताण ती शक्यता पन्नास टक्के असताना आला. हे केवळ त्यांच्या सांगण्यावरून ठरवलेले नव्हते; डोळ्याच्या बाहुलीचा विस्तार आणि घाम यांचीही मोजणी केली होती. आपला निवांत रविवार मला या प्रयोगावरून समजतो. शांतता आपल्या घरी नवी आहे आणि ती किती वेळ टिकेल याचा अनुभव शरीराकडे अजून साठलेला नाही, म्हणून तो वेळ आपल्यासाठी पन्नास टक्क्यांचा असतो. कुरबूर झाली की शक्यता शंभरावर जाते, आणि म्हणूनच बरे वाटते.

परंतु मला महत्त्वाची वाटते ती विसरलेल्या पिशवीची गोष्ट, आणि यावर आमच्या पाठ्यपुस्तकांत पुरेसे लिहिलेले नाही असे माझे मत आहे. आपण नऊ वर्षांच्या असल्यापासून एका विद्येत तरबेज आहात. तीस वर्षे रोज सराव झालेली विद्या आहे ती. एखाद्या गवयाचा इतका रियाज झाला असता तर आपण त्याला उस्ताद म्हटले असते. त्या संध्याकाळी आपण गॅलरीत बसून राहिलात तेव्हा त्या विद्येची गरजच पडली नाही. धोका टळल्याचा आनंद होण्याआधी माणसाला हे जाणवते की आपल्याला जे सर्वांत चांगले येत होते ते इथे कोणालाच नको आहे, आणि सरळ विचारणे, थांबणे, उत्तर ऐकून त्यावर विश्वास ठेवणे या ज्या गोष्टी हव्या आहेत त्यांत आपण पहिलीच्या वर्गात आहोत. बदलाच्या काळातील अस्वस्थतेचा मोठा भाग भीतीचा नसून या नवखेपणाचा असतो, असे मी अनेक विद्यार्थ्यांत पाहिले आहे. आपले रडणे मला त्या विद्येला दिलेला निरोप वाटतो. त्यात चूक काही नाही.

याला जोडून एक. विल्यम स्वान या मानसशास्त्रज्ञांनी असे मांडले की माणसाला स्वतःविषयीचे चांगले मत हवे असतेच, पण त्याबरोबरच स्वतःविषयीचे ओळखीचे मत हवे असते. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, ज्या विवाहित व्यक्तींचे स्वतःविषयीचे मत वाईट होते त्या, आपल्याविषयी वाईटच मत असणाऱ्या जोडीदाराशी अधिक बांधील असल्याचे दिसले. आपले यजमान आपल्याकडून काहीही सेवा न घेता शेजारी येऊन बसतात, तेव्हा ते नकळत आपल्याविषयीचे एक नवे मत पुढे ठेवत असतात. ते स्वीकारायला वेळ लागणारच.

किती वेळ, हा प्रश्न माझे विद्यार्थी नेहमी विचारतात आणि 21 दिवसांचा आकडा सांगतात. त्याला मुळीच धरून बसू नये. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात खाणे, पिणे किंवा व्यायाम यांतली एखादी साधी नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतील असे निघाले, आणि माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंतचा होता. तोही जेवणानंतर फळ खाण्यासारख्या गोष्टींसाठी. मधला एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही, हे ध्यानात ठेवावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ही अस्वस्थता सलग दोन आठवडे झोप आणि जेवण बिघडवू लागली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तिला बदलाची अस्वस्थता म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरांना भेटावे. 14416 हा शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 2022 पासून चोवीस तास विनामूल्य चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

भांडीबाजार

दुतोंड्या मारुतीचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. आमचे पिढीजात दुकान नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी दुकानात शिरले. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले हा आकडा मोबाइलवर आला की कोणती फळी आधी रिकामी करायची, तांबे-पितळ कुठे चढवायचे आणि स्टीलचे काय खाली राहिले तरी चालते, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत आहे. 2019 नंतर गंगापूर रोडला एक चांगला गाळा मिळत होता आणि पैशांची सोयही झाली होती. वडील तो पाहून आले आणि म्हणाले, "तिथे काय होईल ते कोणी सांगावे?" हे म्हणणारे माझे वडील त्याच महिन्यात दुकानात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पातेली वर देत होते. त्यांना पुराची भीती वाटत नाही, कारण पूर त्यांना पाठ आहे. त्या कोरड्या गाळ्यात मात्र ते पाच मिनिटेसुद्धा टेकले नाहीत. आम्ही अजून जुन्याच जागेत आहोत, आणि वडिलांना दोष द्यावा असे मला वाटत नाही.

निफाडचा बागायतदार

ताई, वरच्या मॅडमनी विद्येचे जे लिहिले ते मला फार जवळचे वाटले, म्हणून माझ्या बागेतला अनुभव सांगतो.

आमच्याकडे द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरमध्ये गोडी बहार छाटणी. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटले की पोंगा अवस्थेपासून फुलोरा सरेपर्यंत डावणी या बुरशीच्या रोगाची भीती सगळ्यात मोठी. त्या दिवसांत सलग ढगाळ हवा राहिली किंवा अवकाळी पाऊस आला, तर घड डोळ्यांदेखत जातो आणि वर्षाचे कर्ज अंगावर राहते. वडिलांचा नियम एकच होता: ढग दिसले की ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडायचा. मीही तेच शिकलो आणि त्यात वाकबगार झालो. वाऱ्याचा वास घेऊन मी ट्रॅक्टर काढत असे. फवारणी करून आलो, अंगावर औषधाचा वास असताना आंघोळ केली, की मला गाढ झोप लागे.

2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षे अडली, तेव्हा आमच्या पट्ट्यात हाहाकार झाला. वेलीची शेंड्याकडची वाढ रोखायला ते वर्षानुवर्षे वापरात होते. आमच्यासाठी ते औषध होते. ते कधी धोका ठरेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते. त्यानंतर कोणत्या औषधाचा अंश किती राहतो आणि काढणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवायची याचा हिशेब काटेकोर झाला. मी मात्र मनाने तिथेच होतो. वडिलांनी बाग माझ्या हाती दिल्यावर एका कृषी अधिकाऱ्यांनी मला शांतपणे विचारले, "यातल्या किती फवारण्या रोगासाठी होत्या आणि किती तुमच्या मनासाठी?" मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन वडिलांची वही काढली. तिच्यात फवारणीची तारीख आणि औषध होते. पानावर डाग दिसला होता की नाही हे एकाही ओळीत नव्हते.

मग अर्धा एकर बाजूला काढला. तिथे तापमान, पाने किती तास ओली राहिली आणि पानावर प्रत्यक्ष काय दिसते, हे पाहून ठरवायचे असे नक्की केले. पहिल्याच ढगाळ रात्री फवारणीची गरज नव्हती, कारण पाने कोरडी होती. मी अंथरुणावर पडलो आणि माझ्या छातीत धडधडू लागले. आळस केला, बापाची बाग बुडवली, असे वाटू लागले. पहाटे चारला बॅटरी घेऊन बागेत गेलो आणि पान उलटे करून पाहू लागलो. डावणीचा डाग वरून तेलकट पिवळा दिसतो आणि पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी येते. मी तीन ओळी पाहिल्या, काही नव्हते, आणि तरीही माझी धडधड थांबली नाही. ही गोष्ट मला तेव्हा फार विचित्र वाटली होती. डोळ्यांना दिसत होते ते पोटात उतरत नव्हते.

खरे ते सांगतो. त्या हंगामात त्या अर्ध्या एकराच्या एका कोपऱ्यात डावणी आलीच. शेजारच्या काकांनी "सांगितले होते ना" म्हटले आणि मी तीन दिवस जुन्या पद्धतीने सगळीकडे फवारत सुटलो. नंतर वही पाहिली तर लक्षात आले की चुलतबहिणीच्या लग्नामुळे त्या कोपऱ्याकडे सलग दोन दिवस मी फिरकलोच नव्हतो. चूक पाहण्यात झाली होती, पद्धतीत नव्हती. वही नसती तर मी कायमचा परत फिरलो असतो, कारण परत फिरायला माझे मन निमित्तच शोधत होते.

म्हणून मला वाटते की तुम्ही सगळी बाग एकदम बदलायला घेऊ नका. अर्धा एकर ठरवा. कार्यालयात हवे तर फाइल आधी काढून ठेवत राहा, पण घरी फक्त संध्याकाळचा चहा तेवढा नव्या पद्धतीचा ठेवा.

नाशिकरोडची लेक

दादा, पहाटे चारची बॅटरी मला अगदी डोळ्यांपुढे दिसली. एक विचारते: तुम्ही वहीत नेमके काय लिहिता?

निफाडचा बागायतदार

पानाच्या मधोमध एक रेघ मारतो. डावीकडे मन काय म्हणाले ते, उजवीकडे पान काय म्हणाले ते. तारीख वर. पहिल्या वर्षी डावी बाजू भरून वाहत असे. आता डावीकडे एखाद-दुसरी ओळ असते, पण ती कोरी कधीच नसते.

पंचवटीची आजी

बाळ, मी 71 वर्षांची आहे आणि शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. वरच्या सर्वांनी तुला धीर दिला आहे, तो योग्यच आहे. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि त्यांतली एक थोडी कठोर वाटेल.

घर हे बांधलेल्या मांडवासारखे असते. एक खांब आपली जागा बदलतो तेव्हा दुसऱ्या खांबांवर ओढ येते, आणि ती ओढ त्यांना "तू बदललीस" अशा शब्दांत बोलून दाखवावी लागते. माझी धाकटी बहीण चाळिशीत अशीच बदलली. वर्षानुवर्षे सगळ्यांची आजारपणे, कुळाचार, पाहुणे तिने पाहिले होते. एका वर्षी तिने नवरात्रात सर्वांना सांगितले की या वेळी पुरणावरणाचा स्वयंपाक मी एकटी करणार नाही. मी तिच्यावर रागावले. तिचे म्हणणे खोटे होते म्हणून मी रागावले नव्हते. तिच्या "नाही"मुळे माझे इतक्या वर्षांचे निवांत बसणे मला एकदम दिसले, ते मला सहन झाले नाही. हे मला कळायला सहा वर्षे लागली आणि तोवर आम्ही दोघी सणावारापुरत्या बोलत होतो. तुझ्या कार्यालयात किंवा सासरी कोणी तुटक वागू लागले, तर त्यात तुझा अपराध शोधू नकोस. त्याचबरोबर त्यांनाही हे नवे आहे, एवढे मनात धर. शक्य असेल तर आधी सांगून बदल. माझ्या बहिणीने ते अष्टमीच्या सकाळी न सांगता घटस्थापनेच्या आधी सांगितले असते, तर मी कदाचित बरी वागले असते.

दुसरी गोष्ट अशी की अस्वस्थता म्हणजे वाढच, असा उलटा नियम कोणी तुला सांगितला तर तो मानू नकोस. निवृत्तीनंतर मी एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला गेले होते. तिथे पन्नास माणसांसमोर उभे राहून आपले सर्वांत मोठे दुःख बोलायला लावत. मला ते पटत नव्हते, पोटात गोळा येत होता, आणि शिकवणारे गृहस्थ म्हणत होते की हा गोळाच तुमच्या वाढीचा पुरावा आहे, पुढच्या टप्प्याचे शुल्क भरा. मी ते दोनदा भरले. एक बाई तिथे बोलता बोलता कोसळल्या आणि त्यांना सावरायला कोणी प्रशिक्षित माणूस नव्हता, तेव्हा मी बाहेर पडले. त्या वेळी माझी अस्वस्थता मला खरे सांगत होती.

मग ओळखायचे कसे? माझ्यापुरती खूण सांगते. जी अस्वस्थता काम करण्याआधी मोठी असते आणि केल्यावर हळूहळू उतरते, ती बहुधा नव्या वाटेची असते. जी केल्यानंतर वाढत जाते, जिच्यामुळे आपण जवळच्या माणसापासून काहीतरी लपवू लागतो, तिचे ऐकावे. तू रात्री न्हाणीघरात रडलीस. यजमानांना ते सांगितलेस का?

फळा आणि खडू

आजींच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि माझ्या उत्तरात तो यायला हवा होता. आणखी एक गोष्ट राहिली होती, तीही लिहून टाकते. पावलॉव्ह यांच्या प्रयोगांत ठरावीक आवाजानंतर अन्न मिळते हे शिकलेल्या कुत्र्याला पुढे तो आवाज अन्नाविना वारंवार ऐकवला की लाळ येणे थांबे. पण काही काळ मध्ये जाऊ दिला आणि पुन्हा आवाज केला की लाळ परत येई. जुने शिकलेले पुसले जात नाही. त्याच्या वर नवे शिक्षण बसते, आणि ते नवे शिक्षण ज्या ठिकाणी झाले त्या ठिकाणाला बरेचसे बांधलेले असते. म्हणून इंदिरानगरच्या गॅलरीत जमलेली गोष्ट नाशिकरोडला माहेरच्या ओट्यावर जमेलच असे नाही. तिथे जुने सारे उसळून आले तर वर्षभराची मेहनत वाया गेली असे समजू नये. ते ठिकाण वेगळे आहे, तिथला अर्धा एकर वेगळा काढावा लागतो.

नाशिकरोडची लेक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मध्ये बऱ्याच गोष्टी झाल्या.

आजी, तुमचा शेवटचा प्रश्न मला रात्रभर टोचत राहिला. दुसऱ्या दिवशी मी यजमानांना सांगितले: स्टँडच्या आवाजापासून किल्ल्यांच्या आवाजापर्यंत सगळे. लग्नाला चौदा वर्षे झाली, पण स्कूटरविषयी मी त्यांना कधीच बोलले नव्हते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ लावत माझे मन नेहमीप्रमाणे धावू लागले. मी विचारले, "काय झाले?" ते म्हणाले, "किल्ल्या आता कुठे ठेवू याचा विचार करतोय." मी त्यांना सांगितले की त्या तिथेच ठेवा, तशाच ठेवा. आवाज बंद झाला तर मला शिकायचे ते शिकता येणार नाही.

वही सुरू केली आहे. डावी बाजू भरून वाहते आहे. या रविवारी तिच्यात "साडेबारा, सगळे फार शांत आहे, काहीतरी होणार" असे लिहिले, आणि उजवीकडे "मुलगी झोपली आहे, हे वर्तमानपत्र वाचत आहेत, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या" असे लिहिले. काही उकरून काढले नाही. संध्याकाळी पाचपर्यंत पोटात कालवत होते, तेही लिहून ठेवले.

मॅडम, आपण म्हणालात तसेच माहेरी झाले. वडील आता 74 वर्षांचे आहेत. स्कूटर विकून खूप वर्षे झाली. गुडघ्यांमुळे ते काठी घेऊन चालतात. मी आईबरोबर भाजी निवडत बसले होते, आणि जिन्यावर काठीचा आवाज दोनदा जोरात आला. माझ्या हातातली मेथीची जुडी खाली गेली होती आणि मी दारापर्यंत पोहोचले होते, तेव्हा माझ्या लक्षात आले की मी उठले आहे. वडील आत आले, त्यांनी मला दारात पाहिले आणि विचारले, "कुठे निघालीस?" मला काही सांगता आले नाही. त्यांना बसायला खुर्ची दिली आणि परत मेथी घेऊन बसले. आईने माझ्याकडे पाहिले, मानेने खूण करून "काही नाही" म्हणाली. ती खूण आमची जुनीच होती, फक्त या वेळी ती माझ्याकडून तिच्याकडे न जाता तिच्याकडून माझ्याकडे आली.

रात्री भावाला पुण्याला फोन केला. या विषयावर आम्ही दोघे आजवर कधीच बोललो नव्हतो. मी त्याला म्हटले, "तुला स्कूटरचा स्टँड आठवतो का रे?" तो लगेच काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, मी गाडी घरी कधीच मेन स्टँडला लावत नाही. पोरं झाल्यापासून नाही. साइड स्टँडवरच लावतो."